मुळा फेकू नका



आज आम्ही मुळ्यावर बोलणार आहोत. हसू नका. इतकी वर्षे इतिहास-भूगोल शिकवला आणि आता हेडमास्तर भाजीवर भाषण देतात, असे कुणाच्या मनात आले असेल. पण या मुळ्यात इतिहासही आहे आणि भूगोलही आहे. थोडा हिशेबही आहे, आणि तो तुमच्याच खिशाचा आहे.

छत्रपती संभाजीनगराहून जालना रस्त्याने निघालात की शेंद्रा लागते. तिथे नवी औद्योगिक वसाहत झाली आहे. तिला ऑरिक म्हणतात. तिथे ह्योसंग नावाच्या कोरियन कंपनीचा कारखाना २०१९ पासून चालू आहे. कपड्यात घालायचे, रबरासारखे ताणले जाणारे सूत तिथे तयार होते. आमचा एक जुना विद्यार्थी त्या बाजूला कामाला जातो. परवा भेटला तेव्हा त्याने विचारले, "गुरुजी, कोरियाची माणसं म्हणे रोज मुळा खातात. सकाळी, दुपारी, रात्री. खरं आहे का?"

आम्ही म्हटले, खरे आहे.

तो म्हणाला, "मग आपलंच कसं असं? आमच्या काकांनी गेल्या पौषात मुळा काढला. मंडईत कुणी विचारीना. टेम्पोचं भाडंसुद्धा निघेना. शेवटी जुड्याच्या जुड्या म्हशीपुढं टाकल्या."

हे तुमच्याही घरी झाले असेल. हिवाळ्यात मुळा सगळ्यांचाच एकदम येतो. सगळ्यांचा आला की कुणाच्याच मुळ्याला किंमत राहत नाही. मग दोनच महिन्यांनी चैत्र लागतो. विहिरी तळाला जातात, भाजी महाग होते, आणि ज्या घराने म्हशीपुढे मुळा टाकला त्याच घरात बाई विचारते, "आज भाकरीबरोबर काय करू?"

हाच प्रश्न कोरियातल्या बायकांनाही शेकडो वर्षे पडत आला. फरक एवढाच, की आपली टंचाई उन्हाळ्यात येते आणि त्यांची हिवाळ्यात. त्यांनी त्यावर काय तोड काढली ती आज सांगायची आहे.

आधी थोडा भूगोल. कोरिया हा चीन आणि जपान यांच्या मधला देश. तीन बाजूंना समुद्र. आज त्याचे दोन देश आहेत, उत्तर कोरिया आणि दक्षिण कोरिया. कारखाना काढणारे आले ते दक्षिणेतले. तिथला हिवाळा आपल्यासारखा गोधडीने भागणारा नव्हे. पाणी गोठते, जमीन दगडासारखी होते, बर्फ पडते. तीन-चार महिने शेतात हिरवे पान दिसत नाही. जुन्या काळी तेवढे महिने काढायचे ते घरात साठवलेल्या धान्यावर आणि भाजीवर. साठवायची भाजी म्हणजे मुख्यतः दोन, एक कोबीच्या जातीची आणि दुसरा मुळा.

कोरियन भाषेत मुळ्याला 'मू' म्हणतात. मू आणि मुळा! ऐकून गंमत वाटते, पण हा निव्वळ योगायोग आहे. त्यांचा मुळा आपल्यासारखा लांब शिडशिडीत नसतो. तो आखूड आणि जाड, मोठ्या लोट्यासारखा असतो. खाली पांढरा, वर खांद्याकडे फिकट हिरवा. चवीला जरा गोडसर आणि घट्ट.

मुळा आपल्याला परका नाही. अरणच्या सावता माळ्यांनी मळ्यातल्या भाजीपाल्यात विठ्ठल पाहिला. त्यांच्या अभंगात कांद्याच्या शेजारी मुळ्याचे नाव आहे. हे झाले तेराव्या शतकातले. आणि पाहा, त्यांच्या थोडेसे आधी कोरियात यी ग्यूबो नावाचा एक कवी होऊन गेला. तो १२४१ साली वारला. त्यानेही आपल्या परसातल्या भाज्यांवर कविता केल्या. त्यात मुळ्यावर एक आहे. उन्हाळ्यात मुळा सोयाबीनच्या खाऱ्या कालवणात मुरवून खावा आणि हिवाळ्यासाठी मिठात घालून ठेवावा, असे त्यात आले आहे. म्हणजे मुळा मिठात घालून हिवाळा काढायची रीत तिकडे निदान आठशे वर्षांची आहे. दोन देश, एकमेकांचे नावही ठाऊक नाही, पण मुळा दोघांच्याही मळ्यात आणि दोघांच्याही कवितेत.

आपण मात्र पुढे मुळ्याला हलका ठरवला. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत कुणाच्या डब्यात मुळ्याची भाजी निघाली की बाकीची पोरे नाक धरायची. ते पोर बिचारे डबा घेऊन कडुनिंबाखाली एकटे बसायचे. वास येतो हे खरे. मुळा हा मोहरी आणि कोबी यांच्या कुळातला. चिरला की त्यातली दोन द्रव्ये एकत्र येतात आणि मोहरीसारखा तिखट उग्रपणा तयार होतो. तो मुळ्याचा स्वभाव आहे, दोष नव्हे.

आता त्या मिठाच्या गोष्टीकडे येऊ. कोरियात मिठात मुरवलेल्या भाजीला 'किमची' म्हणतात. किमचीशिवाय त्यांचे ताट होत नाही, जसे चटणी-ठेच्याशिवाय आपले होत नाही. किमचीचे प्रकार शंभराच्या वर आहेत. कोबीची जी किमची असते तिच्याही पानापानांत जो मसाला भरतात, त्यात मुळ्याचा कीस असतो. शिवाय नुसत्या मुळ्याच्या किमच्या वेगळ्या.

त्यातली एक म्हणजे 'काकदुगी'. मुळ्याचे चौकोनी तुकडे करून ती करतात. दुसरी 'दोंगचिमी'. तिच्यात तिखट नसते. हिवाळ्याच्या तोंडावर अख्खे मुळे मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचे, सोबत लसूण आणि आले. काही आठवड्यांनी ते पाणी आंबट-खारट, ताकासारखे होते. मुळा तर खातातच, पण ते गार पाणीही वाट्यात घेऊन पितात. भाजलेल्या रताळ्याबरोबर त्यांना ते फार आवडते. तिसरीचे नाव ऐका. 'चोंगगाक किमची'. चोंगगाक म्हणजे बिनलग्नाचा तरुण. जुन्या काळी तिकडे लग्न होईपर्यंत मुलगे केसांची वेणी घालीत. हा मुळा लहान असतो आणि पाल्यासकट मुरवतात. तो लोंबता पाला त्या वेणीसारखा दिसतो, म्हणून हे नाव. नावे जड आहेत, जिभेला अडखळतात. विसरलात तरी चालेल, परीक्षा घेणार नाही.

आज ही किमची लालभडक दिसते. पण यी ग्यूबोच्या काळी ती लाल नव्हती. मिरची मूळची अमेरिका खंडातली. आपल्याकडे ती सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जहाजांतून आली. कोरियात ती त्याच शतकाच्या शेवटी शेवटी पोचली. त्याआधी आपले पूर्वजही मिरे आणि आले यांच्यावर तिखट भागवीत होते. आज मिरचीवाचून ना आपले चालते, ना त्यांचे.

हिवाळा तोंडावर आला, म्हणजे नोव्हेंबरचा शेवट किंवा डिसेंबरची सुरुवात झाली, की कोरियात 'किमजांग' असते. किमजांग म्हणजे वर्षाची किमची घालण्याचे काम. हे एकट्या बाईचे काम नव्हे. शेजारणी, नणंदा, जावा, सुना सगळ्या एका अंगणात जमतात. ढीगभर कोबी आणि मुळे धुतात, चिरतात, मिठात ठेवतात. मसाला कालवतात. पुरुष ओझी वाहतात. सासू सुनेला प्रमाण शिकवते. आज एकीच्या घरची झाली की उद्या दुसरीच्या घरची. ज्याच्या घरी करणारे कुणी नाही त्यालाही वाटा पोचवतात. तयारी मात्र वर्षभर चाललेली असते. वसंतात मासळी खारवून ठेवायची, उन्हाळ्यात मीठ आणून त्याचे कडू पाणी गळू द्यायचे, उन्हाळा सरताना मिरची वाळवून कुटायची. युनेस्को या जागतिक संस्थेने २०१३ साली दक्षिण कोरियाच्या किमजांगची नोंद मानवजातीच्या वारशात केली. २०१५ साली उत्तर कोरियातल्या किमचीच्या परंपरेचीही केली. राज्यकर्ते भांडतात, पण बरणी दोन्हीकडे एकच.

भगिनींनो, हे ऐकताना तुम्हाला कुरडयांचा दिवस आठवला असेल. गव्हाचा चीक, चुलीवरचे मोठे पातेले, शेजारणी जमलेल्या, खाटेवर कापड, आणि पोरे कच्चा चीक मागत भोवती. आपल्याकडे हे आहेच. फक्त आपण ते कुरडई, पापड आणि शेवया यांच्यापुरते ठेवले.

घातलेली किमची ते मातीच्या मोठ्या रांजणात ठेवीत. रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरीत. वर बर्फ पडले तरी जमिनीच्या पोटात फार गोठत नाही आणि फार तापतही नाही. आता शहरात रांजण पुरायला अंगण कुठले? म्हणून तिकडे किमचीसाठी वेगळे फ्रीज निघाले आहेत. पुष्कळ घरांत दोन फ्रीज असतात, एक दुधा-भाजीचा आणि एक नुसता किमचीचा.

मीठ घातल्यावर मुळा कुजत का नाही? हे समजून घेण्यासारखे आहे. मुळ्याच्या शंभर भागांत सुमारे ९५ भाग पाणी असते. मीठ लावले की ते पाणी बाहेर सुटते. त्या खारट पाण्यात कुजवणारे बहुतेक जंतू वाढू शकत नाहीत. पण दुसऱ्या जातीचे काही जंतू असतात. त्यांना खारट चालते. ते मुळ्यावर मुळातच असतात. ते मुळ्यातली साखर खातात आणि आंबटपणा तयार करतात. एकदा आंबटपणा वाढला की वाईट जंतूंची वाट बंद. दुधाचे दही होते तेव्हाही असेच होते. विरजणातले जंतू आणि हे जंतू भाऊबंदच. म्हणून किमची म्हणजे मुळ्याचे दही म्हणा ना! फक्त एक अट. मुळा त्या पाण्याखाली बुडालेला पाहिजे. वर उघडा राहिलेला तुकडा बुरसतो.

आता करायचे कसे ते सांगतो. आमच्या घरी दोन हिवाळे झाले, हे होते आहे. मासळी न घालता.

किलोभर कोवळा मुळा घ्या. निबर, आत पोकळ झालेला नको. धुऊन वरची साल पातळ काढा आणि पाऊण इंचाचे तुकडे करा. त्याला २५ ग्रॅम मीठ चोळा. २५ ग्रॅम म्हणजे चहाचे साधारण पाच चमचे, सपाट भरलेले. मीठ अंदाजाने टाकू नका. कमी पडले तर मुळा मऊ पडून नासतो. तासभर ठेवा. पाणी सुटेल. ते ओतू नका, वेगळे काढून ठेवा. मग सात-आठ लसूणपाकळ्या आणि बोटभर आले ठेचून घाला. कांद्याची पात चिरून घाला. लिंबाएवढा नव्हे, सुपारीएवढा गूळ घाला. मिरची मात्र जपून. कोरियाची मिरची रंगाला लाल पण तिखटाला सौम्य असते. म्हणून ते मूठमूठ घालतात. आपली लवंगी मुठीने घातलीत तर जेवायला बसलेला उठून पळेल. ब्याडगी असेल तर तीन मोठे चमचे, नाहीतर एक पुरे. कोरियन लोक यात खारवलेली बारीक कोळंबी घालतात, आपल्या कोकणातल्या जवळ्यासारखी. जो खात असेल त्याने घालावी.

हे सगळे कालवून काचेच्या किंवा चिनी मातीच्या कोरड्या बरणीत दाबून भरा. तांब्या-पितळेचे किंवा जर्मनचे भांडे मुळीच नको, आंबटाने कळकते. वर चार बोटे जागा ठेवा. काढून ठेवलेले पाणी वरून ओता, म्हणजे तुकडे बुडतील. झाकण सैल ठेवा. आत हवा तयार होते, घट्ट लावलेत तर बरणी उतू जाते. थंडीच्या दिवसांत दोन दिवस बाहेर ठेवा. बुडबुडे दिसू लागले आणि आंबूस वास आला की झाली. फ्रीज असेल तर दोन-तीन आठवडे खुशाल टिकते. नसेल तर थोडीच करा आणि चार-पाच दिवसांत संपवा. माठाखालच्या ओल्या वाळूत बरणी ठेवली तर दिवसभराने अधिक टिकते. बुरा आला, चिकट तार आली किंवा कुजका वास आला तर सगळीच फेका. वरचे काढून खालचे खाऊ नका. बाजरीच्या भाकरीबरोबर ही लागते छान.

एक गोष्ट लपवणार नाही. यात मीठ फार. ज्याला रक्तदाबाचा त्रास आहे त्याने हे रोज खाऊ नये. कोरिया आणि जपान या देशांत पोटाच्या कर्करोगाचे प्रमाण पुष्कळ आहे, आणि फार खारवलेले अन्न हे त्याचे एक कारण असल्याचे डॉक्टर सांगतात. तिकडेही आता मीठ कमी घालू लागले आहेत. तोंडी लावण्यापुरते घ्या. वाटीभर भाजी म्हणून नको.

आता थोडे शेजारच्या देशांत डोकावू. जपानी लोक मुळ्याला 'दाइकोन' म्हणतात. अर्थ सरळ, मोठे मूळ. तळलेले किंवा तेलकट काही खाल्ले की सोबत कच्च्या मुळ्याचा कीस घेतात. त्यात शहाणपण आहे. कच्च्या मुळ्यात पीठूळ अन्न पचवायला मदत करणारे द्रव्य असते. शिजवले की ते जाते. म्हणून आपली दह्यातली मुळ्याची कोशिंबीर ही नुसती चव नव्हे. जपानात साकुराजिमा नावाच्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी मुळ्याची एक जात होते. तिचा एकेक मुळा पाच-सहा किलोचा सहज भरतो, त्याहून मोठाही होतो. आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या जौनपूरचा मुळाही आकारासाठी नावाजलेला आहे.

दक्षिण चीनमध्ये नव्या वर्षाला मुळ्याची वडी करतात. मुळा किसायचा, तांदळाच्या पिठात कालवायचा, वाफवायचा, गार झाल्यावर कापून तव्यावर परतायचा. अहो, ही तर आपली कोथिंबिरीची वडी! पीठ हरभऱ्याचे घ्या, कोथिंबिरीच्या जागी मुळ्याचा कीस आणि चिरलेला पाला घ्या, पाणी मात्र घालू नका, मुळ्याला सुटते तेवढेच पुरते. नेपाळात आणि आपल्या सिक्कीममध्ये 'सिंकी' करतात. मुळा सुकवून खड्ड्यात दाबतात, महिनाभर आंबवतात, मग उन्हात वाळवतात. डोंगरात जिथे वर्षातले कित्येक महिने भाजी नाही, तिथे त्याच्या कढणावर जेवण होते. व्हिएतनाममध्ये मुळा आणि गाजर यांचे लांब काप साखर-शिरक्यात घालून पावात भरतात. त्याची चर्चा पुरे, आपल्याला पाव रोजचा नाही.

पण आमच्या मते आपल्या मराठवाड्याला सगळ्यांत उपयोगी गोष्ट किमची नव्हे. मुरवणे हे थंड देशाचे काम. आपल्याकडे फेब्रुवारी उलटला की बरणी दोन दिवसांत आंबटढाण होते. आपल्याकडे जे आहे ते कोरियाकडे नाही. ते म्हणजे ऊन. त्यांचा मुळा निघतो तेव्हा त्यांचे ऊन मावळतीला लागलेले असते. आपला मुळा स्वस्त होतो तो पौष-माघात, आणि तेव्हा आपले ऊन कोरडे, स्वच्छ, वाऱ्याचे असते. पाऊस नाही, दमट नाही. वाळवणाला याहून चांगला काळ नाही. तरीसुद्धा मुळा ते वाळवतात आणि आपण म्हशीला घालतो.

त्यांची रीत अशी. मुळ्याच्या करंगळीएवढ्या लांब सळ्या कापतात आणि कडक वाळवतात. जपानी लोक बारीक किसून वाळवतात. तुम्ही विळीवर सळ्या करा, खाटेवर स्वच्छ धोतर पसरा, त्यावर एकेरी थर द्या. माशा आणि धूळ बसू नये म्हणून वर जुन्या पातळाचे विरळ कापड टाका. संध्याकाळी आत घ्या, दव लागू देऊ नका. तीन-चार दिवसांत सळी कडकन मोडू लागली की झाले. लवचीक राहिली तर बुरसेल. किलोभर मुळ्याचे जेमतेम साठ-सत्तर ग्रॅम होते. घरच्या बाया म्हणतील, एवढ्याशासाठी एवढा खटाटोप? पण दहा किलो मुळा एका लहान डब्यात बसतो, आणि वैशाखात तो डबा उघडता येतो. अर्धा तास पाण्यात भिजवा, पिळा, तेलात लसूण-मिरचीची फोडणी द्या, वर शेंगदाण्याचा कूट. वाळवल्याने मुळ्याला गोडी येते आणि तो दाताखाली कुरकुरतो. उग्र वासही पुष्कळ कमी होतो.

आणि पाला! भाजीवाल्यापाशी उभे राहून पाहा. निम्मी गिऱ्हाइके म्हणतात, "पाला तोडून द्या." पैसे सगळ्या जुडीचे दिले आणि अर्धी जुडी गाईच्या तोंडात. मुळ्यापेक्षा पाल्यात जीवनसत्त्वे जास्त, चुना म्हणजे कॅल्शियम जास्त, लोह जास्त. आपल्या बायकांत आणि मुलींत रक्त कमी असते हे दवाखान्यातली नर्सबाई दर वेळी सांगते. कोरियात हा पाला दोरीला बांधून वळचणीला वाऱ्यावर टांगतात. वाळला की त्याला 'सिरेगी' म्हणतात. हिवाळ्यात तो उकडून, सोयाबीनच्या खाऱ्या लगद्यात शिजवून त्याचे कढण करतात. गरिबाचे अन्न होते ते. आज तिथल्या शहरांतले लोक ते मुद्दाम हॉटेलात जाऊन पैसे देऊन खातात.

आपण हे विसरलो कसे? हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून वाळवायची रीत आपल्या घरोघरी होती, अजून आहे. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा आम्ही लहान होतो. घरचे लोक खडी फोडायच्या कामावर जात. भाजी कुठे दिसत नव्हती. आमच्या आजीने गाडग्यात वाळलेली हरभऱ्याची भाजी राखली होती. मूठभर भाजी, मूठभर पीठ, पाणी भरपूर, आणि त्यावर घरातली नऊ माणसे जेवत. मुळ्याचा पाला त्याच रीतीने वाळतो. कीड लागलेली, पिवळी पाने काढा. ज्या पिकावर औषध फवारले असेल त्याचा पाला फवारणीनंतर सांगितलेले दिवस गेल्याशिवाय घेऊ नका. तीन पाण्यांनी धुवा. सावलीत वाळवा, उन्हात रंग आणि सत्त्व दोन्ही जाते. क जीवनसत्त्व सावलीतही बरेचसे जाते, हे खरे. चुना आणि लोह राहते. चुरून डब्यात भरा. तुरीच्या डाळीत, पिठल्यात, धपाट्याच्या पिठात चिमूट-मूठ टाकत जा. वरून लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागते.

काही घरांत माघात मुळा खात नाहीत. ज्यांचा नेम आहे त्यांनी तो पाळावा. माघापर्यंत मुळा निबर होऊन बेचव होतो हेही आहेच. वाळवण पौषात उरकले म्हणजे नेमही मोडत नाही आणि मुळाही कोवळा मिळतो.

शेतकरी बांधवांसाठी दोन शब्द. सगळा मुळा एका दिवशी पेरू नका. दर दहा-बारा दिवसांनी दोन-दोन वाफे पेरा, म्हणजे काढणी एकदम अंगावर येत नाही. तुमच्या बियाण्याच्या पुडीवर 'जपानीज व्हाइट' असे नाव वाचले असेल. आता वाचता येते, तेव्हा जरूर वाचा. ती जात जपानमधून आलेली आहे. थंडीत ती चांगली पोसते. उन्हाची जात हवी असेल तर 'पुसा चेतकी' आहे. ती चाळीस-पंचेचाळीस दिवसांत काढणीला येते आणि उन्हाळ्यात-पावसाळ्यातही येते. म्हणजे जपानचा मुळा आपल्या शेतात केव्हाच आला. त्याचा कीस कसा वाळवायचा ते मात्र मागेच राहिले.

आणि वाफ्याच्या कडेची चार-सहा झाडे उपटू नका. त्यांना फुले येऊ द्या. पांढरी, जांभळट फुले येतील, मधमाश्या येतील, मग डिंगऱ्या लागतील. कोवळ्या डिंगऱ्यांची भाजी करा, हरभऱ्याची डाळ घालून. उरलेल्या झाडावर वाळू द्या आणि बी धरा. पुडीवर 'संकरित' असे लिहिले असेल तर मात्र त्याचे बी धरू नका. पुढच्या वर्षी मुळे सारखे येत नाहीत.